बंद खोलीतलं मत

शनिवारी सकाळी बाजारात, मासेवाल्याच्या गाडीपाशी उभं राहून आलाइडानं हेरिंग माशाचा तुकडा तोंडाशी नेला आणि मागून कुणीतरी हाक मारली, "न्यायाधीश बाई!" तिला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आता तिला अशी हाक कुणी मारत नसे. वेस्टरडीपच्या त्या बाजारात ती एक उंच, पांढऱ्या केसांची, दर शनिवारी लीकच्या भाजीची जुडी आणि मासे घेऊन जाणारी म्हातारी होती. आणि गेली दोन-तीन वर्षं तर लोकांनी ओळख दाखवली नाही तर तिला बरंच वाटे. ती वळली. मागं बाउवे कीविट उभा होता, तिच्या काळापासूनचा बेलीफ. शहरातल्या किती दारांवर त्यानं तिच्या सहीचे कागद पोचवले होते याला हिशेब नव्हता. आता त्याचंही पोट सुटलं होतं. वाऱ्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात लिफाफा असल्यामुळे ते त्याला पुसता येत नव्हतं.

"बाई, मी तुमच्याकडेच निघालो होतो," तो म्हणाला. "तुम्ही इथं दिसलात, म्हटलं..."

"माझ्याकडे? कॉफीला?"

तो हसला नाही. एरवी तो कशालाही हसायचा. "समन्स आहे, बाई. साक्षीचं. तामिंगानं सरकारवर लावलेल्या भरपाईच्या दाव्यातलं." आणि मग आवाज खाली आणून, "घरी येऊन दिलं असतं तर शेजाऱ्यांनी बघितलं असतं. इथं कुणाचं लक्ष नाही."

तिच्या एका हातात मासा होता, दुसऱ्या हाताला कांदा आणि तेल लागलं होतं. बाउवेनं इकडंतिकडं बघून तो लिफाफा तिच्या पिशवीत, लीकच्या पातीमध्ये खोचून दिला आणि "माफ करा हं," असं म्हणून तो गर्दीत शिरला. आयुष्यात पहिल्यांदाच समन्स दिल्याबद्दल त्यानं कुणाची माफी मागितली असावी. आलाइडा मासा चावत तिथंच उभी राहिली. आतून काहीतरी वर येत होतं आणि ते भीतीसारखं नव्हतं, हे तिच्या हळूहळू ध्यानात आलं. इतक्या वर्षांत खुर्चीवर बसून तिनं साक्षीदार किती पाहिले होते: नवा सदरा घातलेले, साबणाचा वास येणारे, समोरच्या पाण्याच्या ग्लासाला हात लावावा की नाही हे न कळणारे. ही माणसं खोटं पकडलं जाईल म्हणून घाबरतात असं तिला तेव्हा वाटे. पण त्यांतल्या काहींच्या चेहऱ्यावर एक विचित्र सैलपणा असायचा, आणि तो कशाचा ते तिला कधी उमगलं नव्हतं. तो आता तिच्या स्वतःच्या खांद्यांत उतरला होता. कुणीतरी विचारणार होतं. विचारणार, म्हणजे सांगावंच लागणार. तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची लाज वाटून तिनं उरलेला मासा सीगल पक्ष्यांकडे भिरकावला. मासेवाला वरून ओरडला, "अहो, त्यांना देऊ नका हो, मग ते माझ्याच डोक्यावर बसतात!"

ओनो तामिंगा. नाव वाचायचीही गरज नव्हती. तो कालव्याकाठच्या वृद्धाश्रमात रखवालदार होता. एका हिवाळ्यात तिथं आग लागली आणि मागच्या खोल्यांतल्या दोन म्हाताऱ्या गुदमरून गेल्या. तामिंगाला आदल्या आठवड्यात कामावरून काढायची नोटीस मिळाली होती आणि आग लागली तेव्हा तो आपल्या जागेवर नव्हता. एवढ्यावर सगळं उभं राहिलं. तो म्हणत होता, मी बाहेर बिडी ओढत होतो. त्याच्या आवाजात एक घोगरा उद्धटपणा होता, जो खरं बोलणाऱ्या माणसांच्या आवाजात बरेचदा असतो आणि जो कोर्टाला आवडत नाही. तो सात वर्षं आत होता. मग कुणा चिवट तज्ज्ञानं जुने फोटो पुन्हा तपासले आणि आग पाणी तापवण्याच्या बंबाच्या वायरीतून लागली होती हे दाखवून दिलं. खटला नव्यानं चालला, तामिंगा निर्दोष सुटला, आणि वर्तमानपत्रांनी त्याला शिक्षा देणाऱ्या तीन न्यायाधीशांचे फोटो एका ओळीत छापले: मध्ये आल्फरिंक, डावीकडे पोस्टमा, उजवीकडे ती. फोटोत ती हसत होती. कुठल्या तरी निरोपसमारंभातला फोटो होता तो. त्यानंतरच्या एका वाढदिवसाला, सगळे नातेवाईक खुर्च्यांचं कडं करून बसलेले असताना, तिचा दीर केकची बशी गुडघ्यावर सांभाळत म्हणाला होता, "काय गं आलाइडा, रात्री झोप लागते का तुम्हा तिघांना?" सगळे हसले होते, कारण नाही हसावं तर काय करावं. तीही हसली होती, आणि तिनं त्याला आणखी एक तुकडा वाढला होता. तुम्हा तिघांना. त्या 'तिघां'मध्ये तिचं सगळं आयुष्य कुणीतरी कोंबून वरून झाकण लावलं होतं, आणि झाकण उघडायला कायद्यानं बंदी होती.

कारण त्या खोलीत ते तिघं एकमताचे नव्हते. ती खोली तिला अजून जशीच्या तशी दिसे: उंच खिडक्या, कधी मधेच खडखडणारा हीटर, टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मसलतीच्या खोलीत जे बोललं जातं ते खोलीबाहेर जात नाही. निकाल न्यायालयाचा असतो, कुणा एकाचा नसतो. कुणी कुणाच्या विरुद्ध मत दिलं हे ना निकालात येतं, ना घरी बायकोच्या कानात. तिनं तशी शपथच घेतली होती. त्या दिवशी प्रथेप्रमाणे सर्वांत तरुण असलेला सिब्रांत पोस्टमा आधी बोलला. त्याच्या घरी नुकतं बाळ झालं होतं, त्याचे डोळे झोपेअभावी लाल होते. "दोषी," असं म्हणताना त्यानं आल्फरिंककडे बघितलं, जणू पाठ केलेलं उत्तर बरोबर आलं का ते पाहावं तसं. मग ती बोलली. ती सबंध दुपार बोलली. धूर पहिल्यांदा कुणाला कुठून दिसला, स्वयंपाकघरातल्या बाईच्या दोन जबाबांत फरक का पडला, ज्या माणसाला सूड घ्यायचा तो आधी स्वतःचा कोट आत का विसरून येईल. तिला आठवतं, बोलता बोलता तिचा घसा सुकला होता आणि आपण बरोबर आहोत या खात्रीनं तिच्या अंगात एक तरतरी आली होती. आल्फरिंक शांतपणे खिशातल्या चाकूनं नासपतीचं साल काढत ऐकत होता. देखणा माणूस. सगळ्यांशी मऊ बोलणारा. शिपायापासून मंत्र्यापर्यंत एकच मऊ आवाज. सालाची लांब फीत बशीत ठेवून तो म्हणाला, "आलाइडा, तू म्हणतेस ते सगळं फाइलीपुरतं बरोबर आहे. पण काल माझं तपासाधिकाऱ्याशी फोनवर बोलणं झालं. या माणसानं आधीच्या नोकरीतही असंच काहीतरी केलं होतं. सिद्ध करता आलं नाही, म्हणून फाइलीत नाही, इतकंच."

ती म्हणाली होती, "फाइलीत नाही, तर ते या खोलीतही नाही."

"तेच तर," आल्फरिंक म्हणाला आणि नासपतीची फोड त्यानं चाकूच्या टोकावर तिच्यापुढं धरली. "विसर. मी बोललोच नाही असं समज."

फोड तिनं घेतली नाही. पोस्टमानं घेतली. आणि दोन विरुद्ध एक मतानं ओनो तामिंगा आगलाव्या ठरला. निकाल लिहायची पाळी तिची होती. पाळी म्हणजे पाळी. आपल्याला पटलं नाही म्हणून पाळी टाळायची ही त्या इमारतीतली रीत नव्हती. तिनं तो लिहिला. 'न्यायालयाची खात्री पटली आहे की' हे शब्द तिनं आपल्या हातानं लिहिले, आणि तिला लिहिता चांगलं येत असल्यामुळे तो निकाल चांगला झाला. अपिलात त्यात कुठं फट सापडली नाही. पुढच्या काळात ही एकच गोष्ट तिला मध्येच, भांडी घासताना किंवा बागेत गवत उपटताना, एकदम थांबवी. तिनं तो वाईट लिहिला असता तर? मुद्दाम एक-दोन फटी ठेवल्या असत्या तर? पण तसं करणं म्हणजे न्यायाधीशानं आपल्याच न्यायालयाशी बेइमानी करणं, आणि इमानदार राहायचं तिनं ठरवलं होतं. इमानदारीनं एक निर्दोष माणूस आत गेला होता आणि बेइमानी फक्त त्या फोनवर झाली होती, ज्याच्याबद्दल बोलणं हीसुद्धा बेइमानीच.

सोमवारी न्यायाधीशांच्या संघटनेकडून हेडविख आली. चाळिशीची, हुशार, डोक्यावरचं सायकलचं हेल्मेट काढून ते मांडीवर मांजरासारखं घेऊन बसणारी. आलाइडानं तिला कॉफी आणि एक बिस्किट दिलं. हेडविखनं आल्याआल्याच सांगून टाकलं, "बाई, तुम्ही काही म्हणजे काही काळजी करू नका. आमचे वकील सगळं बघतील. तुम्ही फक्त हजर राहायचं. तोंड उघडायची वेळच येणार नाही."

"पण मला समन्स आहे."

"समन्स कुणालाही काढता येतं हो. प्रश्न विचारू द्यायचे की नाही ते कोर्ट ठरवणार. हा तामिंगा बिचारा, त्याच्याबद्दल मला वाईटच वाटतं, पण त्याच्या वकीलबाईंनी काय मांडलंय बघा ना! निकाल देणाऱ्यांना साक्षीदाराच्या खुर्चीत बसवायचं आणि विचारायचं, आत काय बोललात? आज हे झालं की उद्या हरलेला प्रत्येक जण हेच करणार. परवा मंत्री करतील. पूर्वेकडच्या शेजारी देशांत सरकारं न्यायाधीशांचं काय करताहेत ते बघतोच आहोत आपण. एकदा दार किलकिलं झालं की संपलं."

तिचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. तीच वाक्यं आलाइडानं नव्या न्यायाधीशांच्या वर्गात वर्षानुवर्षं उच्चारली होती. हेडविख त्या वर्गात पुढच्या बाकावर बसायची. न्यायाधीशाला मनातलं मोकळेपणी बोलता यावं म्हणून त्याच्या भोवती भिंत हवी. भिंत नसेल तर तो मत देताना आपल्या उद्याचा विचार करील. आलाइडाचा यावर आजही विश्वास होता, आणि खरी पंचाईत तीच होती. विश्वास उडाला असता तर सोपं झालं असतं.

"आणि समज," ती सावकाश म्हणाली, "मसलत चालू असताना बाहेरचं कुणी आधीच आत येऊन बसलं असेल, तर?"

हेडविखचा कप ओठापाशी थांबला. तिनं तो खाली ठेवला तेव्हा बशीचा आवाज झाला. "बाई, हे मला सांगू नका."

"मी काही सांगितलेलं नाही."

"नाहीच सांगितलेलं. आणि सांगूही नका, प्लीज. मला कळलं तर मला त्याचं काहीतरी करावं लागेल."

"आणि मला बोलायचं असलं तर?"

हेडविखनं तिच्याकडे बघितलं, त्या नजरेत आदर होता आणि जरा कीवही. "गप्प राहायचा हा हक्क तुमचा नाहीये, बाई. खुर्चीचा आहे. तुम्हाला तो सोडता येत नाही. हे तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

जाताना तिनं आलाइडाच्या दोन्ही गालांना गाल लावले. दाराबाहेर हेल्मेटचा पट्टा लावत ती म्हणाली, "खूप धीराच्या आहात तुम्ही." बंद दाराशी उभं राहून आलाइडाला वाटलं, हिला त्या बिस्किटाच्या डब्यात कोंबून वरून झाकण लावावं. मग तिला स्वतःचंच हसू आलं.

त्या संध्याकाळी हार्मेननं केलची पालेभाजी घालून बटाटे कुस्करले होते आणि वर सॉसेज. तिचा नवरा गुरांचा डॉक्टर होता. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाक त्याच्याकडे होता आणि पातेल्याशी झटापट केल्यासारखा तो ते काम करी. जेवताना त्यानं विचारलं, "मग, जायचंय तुला की नाही?"

"समन्स आहे. जावंच लागणार."

"लागणार ते कळलं. जायचंय का, ते विचारलं मी."

तिनं बटाट्यात काटा फिरवला. त्यानं मोहरीच्या चटणीची बरणी तिच्याकडे सरकवली. त्यांच्या लग्नाला अवघं आयुष्य झालं होतं आणि तामिंगाबद्दल त्यानं तिला एकदाही काही विचारलं नव्हतं. फोटो छापून आला त्या दिवशीही नाही. त्यानं ते वर्तमानपत्र घडी करून शेकोटीजवळच्या टोपलीत ठेवलं होतं, इतकंच. तेव्हा तिला त्याचं कौतुक वाटलं होतं, किती समजूतदार माणूस. पुढं त्या समजूतदारपणाचा तिला राग येऊ लागला. त्यानं एकदा तरी विचारायला हवं होतं, तिनं 'सांगता येत नाही' असं म्हणायला हवं होतं, आणि त्या म्हणण्यातून त्याला कळायला हवं होतं. न विचारता तो काय धरून चालला होता? की त्याच्या बायकोनंही त्या माणसाकडे बघून 'दोषी' म्हणत मान हलवली? इतकी वर्षं तो त्याच बाईच्या शेजारी झोपत होता, जिनं निर्दोष माणूस आत टाकला, आणि तरीही तिच्यासाठी सॉसेजचा मोठा तुकडा बाजूला ठेवत होता? हे प्रेम असेल तर ते कुणावर होतं? पण आता ती या सगळ्यातून सुटणार होती. 'लागणार' हा शब्द तिनं जेवणभर तोंडात घोळवला. हातात काठी घेऊन कुणीतरी मागं उभं आहे आणि आपल्याला पुढं जावंच लागत आहे, ही कल्पना तिला मऊ अंथरुणासारखी वाटली. तिला जबरदस्ती हवी होती. जन्मभर तिनं न्यायाधीशावर कुणाची जबरदस्ती चालू नये म्हणून भाषणं दिली, आणि आता कुणीतरी आपल्याला मानगुटीला धरून बोलायला लावावं म्हणून ती दिवस मोजत होती.

सुनावणीच्या दिवशी वारा सुटला होता आणि कोर्टासमोरच्या कालव्यातलं पाणी उलट्या अंगानं वाहतंय असं वाटत होतं. हार्मेननं तिला गाडीनं सोडलं आणि तो कॉफी प्यायला गेला. साक्षीदाराची खुर्ची तिच्या कल्पनेपेक्षा ठेंगणी निघाली. वर बसणाऱ्यांना हे कधी कळत नाही. समोर पाण्याचा ग्लास होता, आणि त्याला हात लावावा की नाही ते तिला कळेना. डावीकडे, वकिलाच्या मागं तामिंगा बसला होता. तो जाड झाला होता, केस विरळ झाले होते. खाली बघून तो आपल्या अंगठ्याचं नख दुसऱ्या अंगठ्यानं घासत होता. त्याची वकील बाई वेसेलिंग उभी राहिली. खणखणीत आवाजाची बाई. तिनं काही सरळ, साधे प्रश्न विचारले: नाव, पद, किती काळ. आलाइडानं उत्तरं दिली आणि आपलाच आवाज तिला बरा वाटला. मग वेसेलिंगबाई म्हणाल्या, "तामिंगांच्या निकालाआधी पीठाचे अध्यक्ष श्रीयुत आल्फरिंक यांचं या प्रकरणाबद्दल न्यायालयाबाहेरच्या कुणाशी बोलणं झालं होतं का? तुमच्या माहितीप्रमाणे?"

असा सरळ प्रश्न. इतका नेमका, की त्या बाईंना कुठून तरी वास लागला असावा. आलाइडाच्या घशात 'हो' तयार होतं, नुसतं ओठ उघडायचा अवकाश. पण त्याआधीच सरकारचा वकील उभा राहिला होता, त्यामागोमाग संघटनेचा, आणि दोघं एकामागून एक तिच्या बाजूनं बोलत होते. तिच्या बाजूनं! तिची शपथ, तिचं स्वातंत्र्य, तिची प्रतिष्ठा. तिला वाटलं की एखाद्या आजारी माणसाच्या खाटेपाशी नातेवाईक त्याच्या देखतच डॉक्टरशी बोलतात तसं हे चाललं आहे. वेसेलिंगबाई ओरडल्या, "मत काय दिलं ते मी विचारतच नाही! बाहेरून कुणी कानाला लागलं होतं का, एवढंच विचारते आहे! न्यायाधीश स्वतंत्र होते की नाही हेच तर मला कळायला हवंय!" मागच्या बाकांवर कुणीतरी टाळी वाजवली. न्यायाधीश आत गेले.  आलाइडाला ते आतले तिघं दिसत होते. बिस्किटांचा डबा बदलला असेल, हीटर बदलला असेल. त्यांच्यातही आता कुणीतरी एक असेल का, कोरड्या घशानं बोलत असलेलं? की एकमतच असेल? हे तिलाही कधी कळणार नव्हतं, आणि त्यात काही चूक आहे असं तिला म्हणता येईना.

ते बाहेर आले. अध्यक्षांनी निर्णय वाचून दाखवला. न्यायाधीशाला मसलतीतल्या कोणत्याही गोष्टीबद्दल साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. मसलतीला लागून जे घडलं तेही त्यातच धरावं लागेल. सबब हा प्रश्न विचारताच येणार नाही. 'ही भिंत न्यायाधीशाच्या सोयीसाठी नाही, तिच्या आडोशाला नागरिक उभा असतो,' हे वाक्य कानावर पडलं तेव्हा ती दचकली. ते तिचं होतं, तिच्या एका जुन्या व्याख्यानातलं. अध्यक्षांनी वाचता वाचता किंचित तिच्याकडे बघून आदरानं मान लववली. मग ते म्हणाले, "साक्षीदार जाऊ शकतात. आपण आलात, आभारी आहोत."

उठण्याआधी मध्ये एक क्षण गेला. तो क्षण पुढं तिनं पुष्कळदा उघडून पाहिला. तिच्या तोंडावर कुणाचा हात नव्हता. दाराशी उभा असलेला पोलीस जांभई दाबत होता. ती बोलली असती तर त्यांनी फार तर घंटी वाजवली असती, नोंदीतून काढून टाका म्हटलं असतं, तिच्यावर खटला भरला असता. पण ते शब्द त्या दालनात उमटले असते आणि तामिंगाच्या कानात पडले असते. ती उठली, खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला, वाकून नमस्कार केला आणि बाहेर आली. हेडविखनं जिन्यापाशी तिचे हात हातात घेतले. "जिंकलो आपण," ती म्हणाली. तिचे डोळे खरोखर भरून आले होते.

तामिंगा बाहेर सायकली लावायच्या जागेशी भिंतीच्या आडोशाला उभा राहून बिडी पेटवायचा प्रयत्न करत होता. वाऱ्यानं काडी विझत होती. आलाइडा सरळ त्याच्याकडे गेली. आपण जात आहोत हे तिला पोचल्यावर कळलं. त्यानं वर बघितलं, ओळखलं, आणि बिडी खिशात परत ठेवली, जशी शाळेतली मुलं ठेवतात तशी. 

"ओढा ना," ती म्हणाली.

"नंतर."

"श्रीयुत तामिंगा, मला तुम्हाला एक सांगायचंय. ते मी सांगू नये असा कायदा आहे. तरी सांगते. मी तुम्हाला निर्दोष म्हटलं होतं. आम्ही तिघं होतो, त्यात मी तुमच्या बाजूनं मत दिलं होतं. त्या दोघांपुढं माझं चाललं नाही."

अखेर ते बाहेर आलं होतं, त्या खोलीतून, इतक्या वर्षांनी, आणि बाहेर काही म्हणजे काही बदललं नव्हतं. एक बाई टोपलीत पाव घेऊन सायकलवरून गेली. तामिंगानं आलाइडाकडे बराच वेळ बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"अस्सं," तो म्हणाला. "आल्फरिंकसाहेबही असंच म्हणाले होते."

"काय?"

"गेल्या वर्षी. ते आजारी होते ना, शेवटचं चाललं होतं, तेव्हा निरोप धाडला मला. बहीण म्हणाली, जाऊ नकोस. गेलो. एवढासा झाला होता हो माणूस. माझा हात धरला. म्हणाले, ओनो, मी एकटा तुझ्या बाजूनं होतो, त्या दोघांनी ऐकलं नाही. रडले. मी पाणी पाजलं त्यांना."

"ते खोटं बोलले!" ती ओरडली. आपला आवाज एवढा चढतो हे तिला माहीत नव्हतं.

"मरताना?"

"मरताना. तुमच्याविरुद्ध तेच होते. तपासाधिकाऱ्याशी फोनवर बोलून आले होते ते, आणि ते त्यांनी आम्हाला सांगितलं, त्या खोलीत. वेसेलिंगबाई मला तेच विचारत होत्या."

"मग सांगायचं ना आत."

"विचारू दिलं नाही. तुम्ही होतात ना तिथं."

"होतो." त्यानं पुन्हा अंगठ्याचं नख घासायला सुरुवात केली. "मला तर सात वर्षं कुणी काही विचारलं नाही, बाई. तरी मी रोज सांगत होतो. जेवण आणणाऱ्याला सांगायचो, दात काढणाऱ्या डॉक्टरला सांगायचो, तोंडात त्याचा हात असताना. लोक हसायचे. तुम्हाला फक्त एकदाच सांगायचं होतं."

वाऱ्यानं उडणारी कोटाची कॉलर तिनं घट्ट धरली.

"निकालाचा कागद आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "तुमची सही आहे त्यावर. त्यांचीही आहे. पोस्टमासाहेबांची पण आहे, ते आता वरच्या कोर्टात मोठे झालेत. ते मरायला टेकले की मलाच बोलावतील बहुतेक, आणि म्हणतील, ओनो, मी एकटा होतो." तो हसला, आतल्या आत, खांदे हलवून. मग हसू विरलं आणि त्यानं खरोखर कळून घ्यावं म्हणून, सायकलचा रस्ता विचारावा तशा साध्या आवाजात विचारलं, "तिघांतले दोघं मला निर्दोष म्हणत होते. मग मी आत गेलो कसा, बाई?"

तिच्याकडे उत्तर होतं, खरं उत्तर, आणि ते सिद्ध करायला जगात एकही कागद नव्हता. तशी सोय मुद्दामच केलेली होती. तिचं खरं आणि आल्फरिंकचं खोटं एकाच भिंतीमागं, एकाच मापाचं होऊन पडलं होतं. त्यात भर म्हणजे तो रडला होता, आणि तिनं आवाज चढवला होता. खुर्चीवर असती तर तिनंही कुणावर विश्वास ठेवला असता? तामिंगा तिच्या उत्तराची वाट बघत थोडा वेळ उभा राहिला. मग "सांभाळून जा, वारा आहे," असं म्हणून तो आपल्या वकीलबाईंना शोधायला आत गेला.

हार्मेननं गाडी पुलापाशी लावली होती. ती आत बसली, पट्टा लावला. त्यानं गाडी सुरू केली नाही.

"काय म्हणत होता तो?"

त्यानं विचारलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"हार्मेन," ती समोरच्या काचेतून बघत म्हणाली, "मी त्याला निर्दोष म्हटलं होतं. तेव्हा. आम्ही आत होतो तेव्हा. बाकीचे दोघं विरुद्ध होते. तुला ठाऊक होतं ना?"

तो लगेच बोलला नाही. फार वेळ नव्हे. एखादा माणूस हातमोजा काढायला लावतो तेवढाच. पण तेवढ्यात तिनं त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर तिला सगळं दिसलं: तो मनात शोधत होता, आपल्या या बायकोला आता काय ऐकायला बरं वाटेल.

"अर्थातच," तो म्हणाला. आवाज अगदी हळुवार होता. गोठ्याबाहेर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला, गायीला आता काही दुखणार नाही असं सांगताना तो हाच आवाज काढायचा. मग त्यानं तिच्या गुडघ्यावर थोपटलं आणि गाडी गिअरमध्ये टाकली.